तेलात कालवलेला टिळा

मिठाची बरणी तिरकी केली आणि मीठ सुटं होऊन ताटलीत पडलं, की समजावं पाऊस गेला. आमच्या पनवेलला आभाळावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. दसरा उलटला तरी एखादी सर येते आणि वाळत घातलेल्या चादरी भिजवून जाते. मीठ मात्र फसवत नाही. सगळा पावसाळा ते बरणीच्या तळाशी गोळा होऊन बसलेलं असतं, चमच्यानं खरवडावं लागतं. मग एका दुपारी खांदा कॉलनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ऊन थेट ओट्यापर्यंत येतं, अंगाची काहिली होते आणि मीठ मोकळं झालेलं असतं. बाकीच्या बायका या दिवसांत गाद्या-उशा उन्हात टाकतात. मी रंगाच्या बाटल्या काढायची. यंदा मीठ सुटलं तेव्हा मी बरणीचं झाकण लावलं आणि आमटी ढवळत राहिले.

मी विमानं करते. खरी नव्हे हो, प्लास्टिकची, टेबलावर मावतील एवढी. खोक्यात सुटे भाग येतात. ते चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे. या वयाच्या बाईनं हे करावं म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, मुलासाठी का? मुलासाठी नाही, माझ्यासाठी. आमचं जुन्या पनवेलच्या बाजारात रंगाचं दुकान आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या भिंतींचे रंग कालवते, एवढासा रंग स्वतःसाठी कालवला तर कुणाच्या पोटात का दुखावं?

आणि गंमत रंगवण्यात नाहीच, गंमत आहे मळवण्यात. नवंकोरं, चकचकीत विमान कुणीही करील. ते उन्हानं विटलेलं दिसलं पाहिजे. चढण्याउतरण्याच्या जागी रंग झिजलेला, इंजिनामागं धुराचे फराटे, पत्र्यांच्या सांध्यांत साचलेला काळपट मळ. जे विमान टेबलावरून कधी उठलं नाही, ते दहा वर्षं उडून आल्यासारखं वाटलं पाहिजे. दुकानात उरणकडचे एक होडीवाले मामा रंग न्यायला येतात. त्यांना एकदा हे सांगितलं तर ते डबा खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले. "बाय, आमी जुनी होडी रंगवून नवी करतो, न् तुमी नव्याची जुनी करता? डोकं जाग्यावर हाय ना?" मी म्हटलं, "हाय मामा, हाय." हसले, पण पुढच्या वेळी विमान बघायला मागितलं.

हे काम पावसाळ्यात होत नाही. हवेत दमटपणा असला की फवारलेला रंग वाळता वाळता पांढुरका पडतो, दुधाची साय धरल्यासारखा. म्हणून मीठ सुटायची वाट बघायची. मीठ लागतंही. खालचा चंदेरी रंग वाळला की पाण्याचा हात फिरवून वर खडेमीठ भुरभुरवायचं, त्यावर वरचा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ झटकायचं. जिथं खडा होता तिथं रंगाचा टवका उडाल्यासारखं दिसतं. हे मला शिकवलं मिलिंदनं.

मिलिंद माझा भाऊ. सख्खा नाही, मानलेला. पण सख्ख्याला मी एवढा जीव लावला असता का, देव जाणे. उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला, राहायला एसटी स्टँडच्या मागं. एकदा दुकानात आला आणि म्हणाला, "मातकट पाहिजे, पण ओल्या मातीचा नको, टायरला लागून वाळलेल्या मातीचा." असं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नव्हतं. मी कालवून दिला. दुसऱ्या दिवशी तो रंग लावलेलं विमान घेऊन आला दाखवायला. मी खुळावले. पुढं त्यानं मला सगळं शिकवलं, सुरी कशी धरायची, फवारा किती लांबून मारायचा. त्याला बहीण नव्हती, मला भाऊ नव्हता. राखी सुरू झाली, भाऊबीज सुरू झाली. आमच्या अप्पांशी तर त्याचं माझ्यापेक्षा जास्त जमायचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. विमानदलात इंजिनाचे फिटर होते. आई गेल्यापासून माझ्याकडंच आहेत. तरुणपणी त्यांची आसामात बदली झाली होती. तिथं एका डाकोटा विमानावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. पलीकडच्या डोंगरांत तांदळाची पोती टाकायला जाणारं, दोन पंख्यांचं, पोटुशा बाईसारखं संथ विमान. लहानपणी मला राजपुत्राच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, डाकोटाच्या सांगितल्या. "त्याच्याखाली तेल सांडलेलं नसलं की आम्ही घाबरायचो," अप्पा सांगायचे, "म्हणजे टाकीतलं तेल संपलं!"

काही वर्षांपूर्वी अप्पांचे डोळे जायला लागले. उजव्या डोळ्यात मधोमध धुकं. डाव्यात अजून एक फट शिल्लक होती. मान तिरकी करून, वस्तू अगदी नाकाजवळ धरून त्या फटीतून ते बघायचे. डॉक्टर म्हणाले, हीपण जाईल, कधी ते सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात अप्पा म्हणाले, "तू एवढी विमानं करतेस. आपलं कर की एकदा. दिसतंय तोवर बघतो."

बस्स. मीठ सुटलं त्या दिवशी मी डाकोटाला हात घातला.

तसा ऑक्टोबर परत आला नाही. मी दुकानातून आले की अप्पा टेबलाशी येऊन बसलेले असायचे. मिलिंद द्रोणागिरीहून परस्पर आमच्याकडं यायचा, शर्टाला कंटेनरची धूळ तशीच. गॅलरीचं दार उघडं, खाली कुणीतरी दिवाळीच्या आधीच टिकल्या फोडतंय, घरात थिनरचा आणि भाजणीचा मिसळलेला वास. माझं विमान आणि अप्पांची जीभ. मी दाराच्या कडेला हौसेनं तांबूस गंज काढला, तर अप्पा कडाडले, "अॅल्युमिनियमला गंज येतो का गं? घरातला कुकर गंजलेला बघितलास कधी?" मिलिंद पोट धरून हसला. पुसला तो गंज. धुराच्या फराट्यांसाठी विकतचा काळा चालेना, फार मेलेला दिसायचा. मग मी देवघरातल्या निरांजनावर वाटी धरून काजळी धरली आणि बोटानं फासली. अप्पांनी विमान नाकाशी नेलं, तिरकं बघितलं, चक्क वास घेतला आणि म्हणाले, "आता कसं."

मळवण्याच्या कामात लावण्यापेक्षा पुसणं जास्त असतं. काळपट रंग पातळ करून अंगभर सोडायचा आणि मग कापसाच्या बोळ्यानं पुसायचा. सांध्यांत राहील तेवढा ठेवायचा, बाकीचा काढायचा. कौशल्य आहे ते पुसताना हात कुठं थांबवायचा यात. "ताई, पुसणारा हात शहाणा पाहिजे," असं मिलिंद म्हणायचा. आज आठवलं की कानशिलं तापतात.

सगळं झाल्यावर अप्पा म्हणाले, "आता टिळा राहिला."

ही गोष्ट त्यांनी मला तोवर कधी सांगितली नव्हती. खंडेनवमीला त्यांच्या हँगरमध्ये पूजा व्हायची. हत्यारं, पाने, पक्कडी धुऊन मांडायच्या, झेंडूच्या माळा. तुकडीत पंजाबी होते, मल्याळी होते, बंगाली होते, ज्याचा त्याचा देव वेगळा, पण विमानापुढं नारळ फोडताना सगळे हजर. शिडीवर चढून विमानाच्या नाकाला टिळा लावायचं काम अप्पांचं. एका वर्षी कुंकवात घालायला तूप मिळेना. पाण्यातलं कुंकू पत्र्यावर धरत नाही, ओघळून जातं. मग अप्पांनी तळहातावर इंजिनाचं तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि लावला टिळा. दुसऱ्या दिवशी विमान पोती टाकून परत आलं, तर वाऱ्यानं त्या टिळ्याची रेघ झालेली, नाकापासून पार वैमानिकाच्या खिडकीखालपर्यंत. अप्पा फडकं घेऊन शिडीवर चढायला लागले, तर वैमानिकच म्हणाला, "राहू दे रे, पुसू नकोस." पाऊस येऊन धुऊन नेईपर्यंत कुणीच ती पुसली नाही.

"तो टिळा मी लावणार," अप्पा म्हणाले.

मी सुईच्या टोकावर लाल रंगाचा कण घेतला आणि सुई त्यांच्या हातात दिली. मिलिंदनं मोबाइलचा दिवा धरला. मी विमान घट्ट धरून बसले. अप्पांनी मान तिरकी केली, ती फट नेमकी विमानाच्या नाकावर आणली आणि श्वास धरला. सुई टेकली. "लागला?" "लागला, अप्पा." मग मी थिनरमध्ये किंचित भिजवलेल्या कुंचल्यानं तो ठिपका मागं ओढला, वाऱ्यानं ओढावा तसा. अप्पांनी विमान डोळ्याशी नेलं, कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी आलं, त्यांनी ते पुसलंही नाही. मिलिंद म्हणाला, "अप्पा, आता ह्याच्यात जीव आला." त्याचेही डोळे भरले होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, उगीच म्हणत नाही.

आता फक्त शेवटचा हात राहिला होता. सगळ्यावरून एक बिनचकाकीचा पारदर्शक थर फवारायचा, म्हणजे हात लागून काही निघत नाही, काजळी पक्की होते, टिळा पक्का होतो. माझा फवाऱ्याचा पंप त्याच आठवड्यात बसला. मिलिंद म्हणाला, "माझ्याकडं दे ताई, लेकरासारखं जपीन." मी बुटांच्या खोक्यात कापूस अंथरून विमान त्याच्या हातात दिलं. अप्पा दारापर्यंत आले होते. "सांभाळून रे," म्हणाले.

मग मिलिंदचा रोज फोन. हवा दमट आहे ताई, थर पांढरा पडेल, अजून दोन दिवस थांबू. पुन्हा तेच. वसुबारस झाली, लक्ष्मीपूजन झालं. अप्पा विचारायचे, आलं का? मी म्हणायची, हवा दमट आहे म्हणतोय. आणि इकडं स्वयंपाकघरात माझ्या बरणीतलं मीठ रेतीसारखं मोकळं झालेलं! तेव्हाच कळायला हवं होतं. पण भावाच्या शब्दापुढं कोण मिठाची साक्ष काढतं?

भाऊबीजेला तो आला. नवा शर्ट, हातात ते खोकं, तोंडावर हसू मावत नव्हतं. मी पाट मांडून ठेवला होता, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकवाचा करंडा. पाटावर बसायच्या आधीच त्यानं खिशातून एक पदक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "सरप्राइज! ताई, मुंबईच्या प्रदर्शनात ठेवलं होतं आपलं विमान. पहिलं आलं!" नाव त्यानं दोघांचंही दिलं होतं, हेही सांगते. उगीच खोटं कशाला बोलू?

मी क्षणभर खूशच झाले हो. अप्पांनी हात पुढं केले. "आण आधी इकडं."

त्यांनी विमान नाकाशी धरलं. मान तिरकी केली. उजेडाकडं वळवलं, परत वळवलं. अंगठा नाकावरून खिडकीपर्यंत फिरवला. मग म्हणाले, "मिलिंद, टिळा कुठाय रे?"

"अप्पा, तो काढला मी," तो म्हणाला. तेच हसू. "म्हणजे काढावाच लागला. तिथं लाल डाग म्हणजे परीक्षकांना वाटणार की हायड्रॉलिकचं लाल तेल गळतंय. आणि त्या जागी तर पाइपच नाही! चूक धरतात, मार्क कापतात. रेफरन्स फोटो असता तर गोष्ट वेगळी."

"पुसलास?"

"थिनरनं. अगदी अलगद, अप्पा. खालच्या रंगाला काही म्हणजे काही झालेलं नाही. बघा ना."

खरंच झालेलं नव्हतं. इतकं सफाईदार काम होतं की तिथं कधी काही होतं हे कळू नये. शहाणा हात! विमान अप्पांनी चाचपत खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "हे आपलं नाही." मग उठून आतल्या खोलीत गेले.

मिलिंद तोवर पाटावर बसला होता, डोक्यावर टोपी, कपाळ पुढं केलेलं. मी ताट हातात घेऊन उभी. बोट कुंकवात बुडवलेलं. त्या कपाळाला मी कुंकू लावायचं होतं. ज्यानं माझ्या बापानं लावलेलं कुंकू पुसलं, तेही दिवा धरून, ते लागताना बघून, डोळ्यात पाणी आणून. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि विसरले असते. परक्याला काय माहीत असणार? ह्याला सगळं माहीत होतं. त्या सुईच्या टोकापाशी आम्ही तिघंच होतो.

"ऊठ," मी म्हटलं.

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. मग माझं तोंड बघून तो उठला. "ताई, अगं परत काढू की आपण. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम! रेघ दोन मिनिटांत येईल रे, रेघ मलाही येते. तो ठिपका कुणाचा होता? मी एवढं बोललेसुद्धा नाही. ताट खाली ठेवलं आणि दार उघडून उभी राहिले. तो गेला. पदक टेबलावर विसरला की मुद्दाम ठेवून गेला, मला माहीत नाही. होडीवाल्या मामांच्या नातवाला देऊन टाकलं मी ते.

देवदिवाळीच्या सुमाराला मी धीर करून अप्पांना म्हटलं, "परत लावता का टिळा?" सुईच्या टोकावर रंग घेऊन दिला. त्यांनी सुई नाकाशी धरली, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग सुई टेबलावर ठेवली. "टोक दिसत नाही गं," म्हणाले. ती फट तेवढ्या दिवसांत बुजली होती.

त्याला आता काही वर्षं झाली. विमान कपाटावर आहे, खोक्यातच. त्यानंतर मी काही केलं नाही. खोटं कशाला, एकदोनदा बसले होते, पण बोळा हातात घेतला की मिलिंदचा आवाज ऐकू यायचा. आमचे हे म्हणतात, "अगं, त्यानं वाईट हेतूनं नाही केलं." नसेल. मला हेतू कळतच नाही. मला एवढंच कळतं की त्याच्यापुढं दोन गोष्टी होत्या, आमचे अप्पा आणि चार परीक्षक, आणि त्यानं परीक्षक निवडले. दर दिवाळीला त्याचा मेसेज येतो, येऊ का ताई? मागच्या वर्षी लिहिलं होतं, एका डागावरून इतकं? डाग म्हणे. तो शब्द वाचून मी फोन उलटा ठेवला आणि रडले. राग होता म्हणून रडले, आणि तो आठवत होता म्हणूनही रडले. मेला अजूनही आठवतो.

आता आमच्या बाजूला विमानतळ झालाय. घरावरून विमानं जायला लागलीत. अप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि आवाज आला की तोंड वर करतात. दिसत काहीच नाही. "ह्याचं तेल गळत नसणार," पुटपुटतात. कधी कधी आवाज विरून गेल्यावरही मान वरच असते.

यंदा एका दुपारी जेवताना त्यांनी ताटातलं मीठ चिमटीत धरलं. बोटांनी चोळलं. "सुटलं की गं मीठ," म्हणाले. "रंग वाळत असेल आता."

"वाळत असेल."

"ते खोकं काढ."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. खोकं काढलं, कापूस बाजूला केला, विमान त्यांच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ते मांडीवर घेतलं, पंखांवरून बोटं फिरवली, पंखे मोजावेत तसे चाचपले. "लाल दे," म्हणाले. सुई मागितली नाही. मी झाकणात थोडा लाल रंग ओतला आणि त्यांचं बोट धरून त्यात बुडवलं. मी विमान धरायला गेले तर म्हणाले, "सोड. मला माहितीय कुठं लावायचा ते."

त्यांनी विमान हातात फिरवलं, एकदा, परत एकदा, त्यात त्याचं तोंड कुठं झालं ते त्यांना कळलं नाही. मला कळलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी बोट टेकवलं, दाबलं, उचललं. शेपटीवर. केवढा तो टिळा, अख्खी शेपूट भरून गेली. त्यांच्या बोटाच्या रेषा उमटल्यात त्यात.

"लागला का गं?"

"लागला, अप्पा."

"बरोबर?"

"अगदी बरोबर."

अप्पांनी बोट पुसायला पंचा मागितला. विमान आता खोक्यात नाही, गॅलरीच्या दाराशी टेबलावर आहे, शेपूट बाहेरच्या उजेडाकडं करून. शेवटचा हात यंदा मी पंप दुरुस्त करून माझ्या घरी मारला, हवा कोरडी होती. यंदाचाही मेसेज आलाय. ये की मिलिंद, बघून जा. पाट मांडणार नाही, पण बघ. प्रमाण चुकलंय, जागा चुकलीय, फोटो तर जगात कुठं नाही. परीक्षक तर हाकलूनच देतील. पुसायला हात लावून तर बघ.